कुवेतचे दर्यावर्दी आणि आपली सागरी स्मृती

(समाजाच्या सभेत रविवारी दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजच्या व्याख्यानासाठी मी कुवेतचा विषय सुचवला, तेव्हा आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "कुवेतचा आणि बेने इस्राएलांचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. आपली कुटुंबे नोकरीनिमित्त एडनला गेली, कराचीला गेली, रंगूनला गेली; त्या गावांच्या आठवणी आपल्या घरांत आहेत. कुवेतचे नाव त्यांत क्वचितच येते. परंतु आपला समाज स्वतःची कथा सांगताना समुद्रापासून आरंभ करतो. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेले गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, आणि किनाऱ्यावर पुरलेले बाकीचे अभागी जीव. ज्या समाजाची पहिली आठवणच समुद्राची आहे, त्याने दुसरा एक समाज आपली समुद्राची आठवण कशी जपतो हे पाहणे अस्थानी ठरणार नाही. म्हणून हा विषय.

मी १९८४ ते १९९० अशी सहा वर्षे कुवेतमध्ये होतो. समुद्राचे खारे पाणी गोडे करण्याच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करणे हे माझे काम. त्या देशात एकही नदी नाही. आमच्या कारखान्यासारखे कारखाने येण्यापूर्वी शहराचे पिण्याचे पाणी शत्त-अल-अरब नदीतून लाकडी गलबतांनी भरून आणीत आणि ते विकत घेतले जाई. पाणीसुद्धा ज्यांना समुद्रावरून आणावे लागे, त्यांचे अवघे जीवन समुद्राशी कसे बांधलेले असेल याची कल्पना आपण करू शकतो.

सुटीच्या दिवशी संध्याकाळी मी जुन्या गलबतांच्या धक्क्यावर जात असे. तेथे एक वयोवृद्ध खलाशी येऊन बसत. आपल्या तरुणपणी अनेक हंगाम त्यांनी मुंबईत काढले होते, त्यामुळे त्यांना मोडकीतोडकी हिंदुस्थानी येत असे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारले ते "कुठल्या देशाचा?" असे नव्हे, तर "कुठल्या बंदराचा?" असे. मी सांगितले, राहणार मुंबईचा, पण मूळ गाव रेवदंड्याच्या बाजूचे. त्यांनी मान हलवली आणि हाताने उजवीकडून डावीकडे एक रेघ ओढली. मुंबईहून मलबारकडे जाताना कोकणचा किनारा डाव्या हाताला असतो, असे त्यांना दाखवायचे होते. माझे गाव त्यांनी ओलांडलेल्या किनाऱ्याचा एक तुकडा होते.

तेव्हापासून मी त्यांचे बोलणे एका वहीत टिपू लागलो. आज जे सांगणार आहे त्यातील काही त्या वहीतले, काही पुढे वाचून कळलेले.

कुवेतच्या गलबतांचे वर्ष दोन हंगामांत विभागलेले असे. पावसाळा सरून वारे फिरले की सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मोठी गलबते शत्त-अल-अरबच्या काठी खजूर भरीत आणि निघत. काही कराची, मुंबई आणि मलबारकडे. काही एडनवरून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला, लामू आणि झांजिबारपर्यंत. तिकडून घरे शाकारण्यासाठी खारफुटीचे वासे आणीत. आपल्याकडून तांदूळ, मसाले, कापड, काथ्या आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सागाचे लाकूड. वाळवंटात गलबत बांधण्याजोगे झाड उगवत नाही. कुवेतच्या बहुतेक प्रत्येक मोठ्या गलबताचे शरीर मलबारच्या जंगलात वाढलेले होते. अरबीत सागाला 'साज' म्हणतात. हा शब्द आपल्याच बाजूने लाकडाबरोबर तिकडे गेलेला. गलबताच्या मालकाला व कप्तानाला तिकडे 'नोखदा' म्हणतात. आपले कोळी बांधव ज्याला 'नाखवा' म्हणतात, तोच हा शब्द. दोन्हींचे मूळ फारसीत आहे. विजेच्या पंख्याला कुवेती माणूस 'पंका' म्हणतो, लोणच्याला 'अचार' म्हणतो. आणि पैसा? १९६१ च्या एप्रिलमध्ये कुवेतचा दिनार येईपर्यंत तेथील बाजारात रुपया चालत होता. १९५९ मध्ये तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या होत्या.

कुवेतहून मुंबईला अरबी घोडे येत आणि मोती येत. मोती मुंबईच्या बाजारात पारखले जात, विंधले जात आणि पुढे युरोपला जात. याच आखाती वाटेवरून १८३२ मध्ये दाविद ससून बगदाद व बुशहर मागे टाकून मुंबईस आले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यांनी भायखळ्याला बांधलेल्या मागेन दाविद प्रार्थनालयाजवळून आपण आजही जातो. तेव्हा हा मार्ग आपणांस सर्वस्वी परका नाही.

दुसरा हंगाम मोत्यांचा. मे-जूनपासून सप्टेंबर अखेरपर्यंत, सुमारे चार महिने, ऐन उन्हाळ्यात. पाणबुडा नाकाला शिंगाचा चिमटा लावी, पायाला दगड बांधी, गळ्यात जाळीची पिशवी अडकवी आणि एका श्वासावर तळाशी जाई. वर दोर धरणारा त्याचा सोबती असे. दोराला हिसका बसला की त्याने सारे बळ लावून त्याला वर ओढायचे. पाणबुड्याचे आयुष्य त्या एका माणसाच्या मनगटात आणि अवधानात असे. गलबतावर आणखी एक माणूस असे, 'नह्हाम', म्हणजे गाणारा. वल्ही मारताना, शीड चढवताना, नांगर ओढताना प्रत्येक कामाचे गाणे वेगळे, आणि त्या गाण्याच्या तालावर पन्नास हात एकदम हलत.

माझ्या त्या वृद्ध मित्रांनी मला याची दुसरी बाजूही सांगितली. हंगामापूर्वी घरखर्चासाठी उचल घ्यावी लागे. मोती कमी सापडले तर ती फिटत नसे. कर्ज एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाई आणि कित्येकदा बापाचे मुलाच्या माथी येई. १९१२ हे साल मोत्यांच्या भरभराटीचे म्हणून कुवेतमध्ये अजून नावाने ओळखले जाते. पण त्या भरभराटीतला पाणबुड्याचा वाटा लहानच होता. पुढे जपानी कृत्रिम संवर्धनाचे मोती बाजारात आले, १९२९ ची जागतिक मंदी आली आणि हा धंदा कोसळला. १९३८ मध्ये बुर्गान येथे तेल लागले. ३० जून १९४६ रोजी तेलाची पहिली निर्यात झाली आणि थोड्याच वर्षांत समुद्रावर जाण्याची गरज उरली नाही.

त्या शेवटच्या काळाचा एक साक्षीदार आपणांस लाभला आहे. ॲलन व्हिलियर्स नावाचा ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी १९३८-३९ च्या हंगामात 'बयान' नावाच्या कुवेती गलबतावर, अली बिन नासिर अल-नज्दी या नोखद्याबरोबर, एडनहून आफ्रिकेपर्यंत आणि तेथून परत कुवेतपर्यंत गेला. त्याने छायाचित्रे काढली आणि १९४० मध्ये पुस्तक लिहिले. आज कुवेतच्या घरांत आजोबांचे गलबतावरचे चित्र हवे असेल, तर पुष्कळदा या परक्या माणसाच्या संग्रहाकडे वळावे लागते. ज्यांचा तो रोजचा व्यवहार होता, त्यांना त्याचे चित्र काढून ठेवावेसे कशाला वाटेल?

तेलाच्या पैशाने घरे बदलली, शहराची भिंत गेली, गलबते विकली गेली. बूम नावाची ती मोठी, दोन्ही टोकांना निमुळती गलबते कोणी इराणला नेली, कोणी आपल्या बाजूला आणली, काही किनाऱ्यावर कुजली. १९८० पर्यंत अशी अवस्था आली की शिडाचे गलबत हाकता येणारी माणसे होती, पण ती म्हातारी होती. आणि तरुण होते, पण त्यांना दोराची गाठ मारता येत नव्हती.

येथून माझ्या आजच्या मुख्य विषयाला सुरुवात होते. कुवेतमध्ये 'कुवेत सागरी क्रीडा क्लब' आहे. नावावरून तो पोहण्याचा आणि नौकांच्या शर्यतींचा क्लब वाटतो, आणि तसा तो आहेही. परंतु त्याच्या आश्रयाने सागरी वारसा समिती काम करते. या समितीने १९८६ पासून मोत्यांच्या जुन्या सफरीचे पुनरुज्जीवन सुरू केले. तत्कालीन अमीर शेख जाबेर यांनी त्यासाठी लाकडी गलबते भेट दिली. राजाश्रय मिळाला हे खरे. परंतु काम उभे राहिले ते हौसेने वेळ देणाऱ्यांच्या बळावर. शिकवणारे निवृत्त नोखदे आणि पाणबुडे, शिकणारे शाळा-महाविद्यालयांतील मुलगे.

सफरीपूर्वी कित्येक दिवस तयारी चाले. गलबताच्या फळ्यांना माशाचे तेल चोळायचे. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला चुना आणि चरबी यांचा लेप द्यायचा, म्हणजे लाकडाला कीड लागत नाही. शीड शिवायचे. मग गलबते दक्षिणेकडे खैरानच्या बाजूला जात. मुले काही दिवस समुद्रावर राहत, शिंपले काढत, वडीलधाऱ्यांबरोबर गात, आणि परतीच्या दिवशी सारी कुटुंबे किनाऱ्यावर स्वागताला येत. या परतीला ते 'गफ्फाल' म्हणतात. पूर्वी मोत्यांचा हंगाम लांबला की बायका किनाऱ्यावर जमत आणि समुद्राला रागे भरत, आमची माणसे परत दे म्हणून खजुराची जळती झावळी पाण्यात बुडवून त्याला चटका देत. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन त्याची मनधरणी करतात. तिकडच्या बायकांचा त्याच्याशी व्यवहार जरा रोखठोक होता.

मी ती परत १९८७ मध्ये किनाऱ्यावरून पाहिली. माझे वृद्ध मित्र शेजारी उभे होते. मी विचारले, "पुन्हा जाल का?" ते म्हणाले, "आठ दिवसांसाठी आनंदाने जाईन. चार महिन्यांसाठी माझ्या नातवालाही जाऊ देणार नाही." थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक वाक्य उच्चारले: "हे लोक गाणे शिकवतात, चांगले करतात. कर्जही शिकवले पाहिजे." जपणूक करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे वाक्य आपल्या भिंतीवर लावावे असे मला वाटते. वारसा म्हणजे केवळ सणाचे कपडे नव्हेत. ज्या दुःखातून माणसे गेली, ते दुःख वगळून त्यांची गाणी तेवढी ठेवली, तर ती माणसे ठेवल्यासारखे होत नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. पुढची हकिकत आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचली असेल. एक लाखाहून अधिक भारतीय तेथून बाहेर पडले. बसरा, बगदाद, मग वाळवंट ओलांडून अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाची विमाने. मीही त्यांतील एक. निघण्याच्या आदल्या रात्री मी पिशवी भरत होतो आणि ती वही हातात आली. तिच्यात धक्क्याची रेखाचित्रे होती, गलबतांची मापे होती, अरबी शब्द मराठी अक्षरांत लिहिलेले होते. वाटेत सैनिकांच्या तपासण्या होणार होत्या. मी कोण आहे हे तर सांगायचेच नव्हते. त्यात बंदराची चित्रे असलेली, कोणालाही न वाचता येणारी वही सापडली असती तर मी काय उत्तर दिले असते? मी ती स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली आणि निघालो. मुंबईला परतल्यावर तोरापुढे उभे राहून बिर्कत हगोमेल म्हटली. समुद्र आणि वाळवंट ओलांडून सुखरूप आलेल्यांनी म्हणायची ती ब्राखा. पण वही गेली ती गेली.

कुवेतचे जे गेले ते याहून फार मोठे होते. राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात 'मुहल्लब' नावाचे बूम ठेवलेले होते. १९३७ मध्ये बांधलेले, खरोखर समुद्रावर व्यापार केलेले. मी त्याच्या फळ्यांवरून हात फिरवला होता. त्या ताब्याच्या महिन्यांत संग्रहालय लुटले गेले, त्याला आग लावली गेली, आणि मुहल्लब जळून राख झाले. तेल नव्हे, बँक नव्हे, एक जुने लाकडी गलबत. शत्रूलाही कळत होते की या देशाची ओळख कशात आहे.

मुक्तीनंतर जे घडले, त्यासाठी मी हा सगळा विषय आपल्यापुढे मांडला. गलबत जळाले, पण ते कसे बांधायचे हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे होती. लक्षात घ्या, तेथील उस्ताद कागदावर नकाशा काढत नसे. आधी बाहेरच्या फळ्यांचे कवच उभे करायचे आणि मग आतल्या वाकलेल्या बरगड्या बसवायच्या, सारे नजरेच्या अंदाजाने. नकाशा नव्हताच, त्यामुळे नकाशा जळालाही नाही. मुहल्लबची प्रतिकृती उभारली गेली. १९९२ मध्ये कुवेतच्या इतिहासाच्या संशोधनासाठी एक केंद्र स्थापन झाले. नोखद्यांच्या जुन्या नोंदवह्या, ज्यांना ते 'रोजनामा' म्हणतात, त्या छापून निघू लागल्या. याकूब यूसुफ अल-हिज्जी यांच्यासारख्या अभ्यासकाने म्हाताऱ्या सुतारांजवळ बसून गलबत बांधण्याची विद्या, हत्यारांच्या आणि फळ्यांच्या नावांसह, ग्रंथात उतरवली. १९३८ मध्ये बांधलेले आणि परदेशी विकले गेलेले 'फतह अल-खैर' हे बूम शोधून परत आणले गेले. सालमिया येथील विज्ञान केंद्राजवळ ते आज उभे आहे. आणि सागरी क्लबच्या समितीने सफर पुन्हा सुरू केली. १९८६ ते १९९० या चार वर्षांत जी मुले शिकली होती, त्यांच्या हातांत गाठी राहिल्या होत्या. ती समिती चार वर्षे उशिरा सुरू झाली असती, तर काय राहिले असते?

एक गोष्ट खास आपल्या लोकांविषयी सांगतो. कुवेतमध्ये एके काळी इराकहून आलेली काही यहुदी कुटुंबे राहत होती. त्यांचे प्रार्थनालय होते. त्यांपैकी एका व्यापारी कुटुंबात १९०८ मध्ये सालेह आणि १९१० मध्ये दाऊद असे दोन भाऊ जन्मले. त्यांचे चुलते व्यापारासाठी हिंदुस्थानात आले होते. परतताना त्यांनी पुतण्यांसाठी एक व्हायोलिन आणि एक ऊद नेला. ते दोघे भाऊ पुढे सालेह आणि दाऊद अल-कुवेती म्हणून सगळ्या अरब जगात गाजले. बगदादच्या आकाशवाणीचा वाद्यवृंद १९३६ मध्ये उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९५१ मध्ये ते इस्राएलला गेले, आणि त्यांची गाणी जन्मभूमीत पुष्कळदा त्यांच्या नावाशिवाय वाजत राहिली. दाऊदचे नातू दुदू तासा यांनी २०११ मध्ये आजोबांच्या आणि त्यांच्या भावाच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून ती गाणी पुन्हा गायला घेतली. हिंदुस्थानच्या बंदरातून गेलेली दोन वाद्ये, कुवेतचे दोन यहुदी मुलगे, आणि शंभर वर्षांनी तेल अवीवमध्ये एक नातू. दुवा टिकला तो नातवाने मागे वळून ऐकले म्हणून.

आता आपल्याकडे वळू. आपला समाज 'शनिवार तेली' म्हणून ओळखला गेला, त्यामुळे तेलाचा घाणा आपण विसरलो नाही. पण समुद्र विसरलो. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपला इतिहास लिहिला. तो छापून यायला १९३७ साल उजाडावे लागले. आंग्र्यांच्या आरमारात नायक म्हणून काम केलेल्या आरोन चुरीकर यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण केहिमकरांनी वडीलधाऱ्यांना विचारले आणि लिहून ठेवले. जे त्यांनी विचारले नाही ते आपल्यापाशी नाही.

माझे आजोबा माझगावला गोदीत सुतार होते. सागाची फळी वाफेवर वाकवण्याचे काम ते करीत. लहानपणी त्यांनी मला त्यांची हत्यारे दाखवली, प्रत्येकाचे नाव सांगितले. कुवेतच्या धक्क्यावर त्या वृद्ध खलाशांनी मला रंध्याचे आणि तासणीचे अरबी नाव सांगितले, तेव्हा मी त्यांना मराठी नाव सांगू लागलो, आणि तिसऱ्या-चौथ्या हत्याराला अडखळलो. परक्याच्या आजोबांचे शब्द मी वहीत लिहीत होतो. स्वतःच्या आजोबांचे कधी लिहिले नव्हते. ते १९७१ मध्येच वारले होते. ती वही फळीवर सोडली याचे दुःख मला आहे, पण ही दुसरी वही मी कधी उघडलीच नाही, याचे दुःख अधिक आहे.

मुंबईत १९७८ पासून सागरी इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी ती स्थापली. मोठ्या आरमाराचा इतिहास त्यांच्याकडे सुरक्षित आहे. पण रेवदंडा, नवगाव, चौल, पेण येथील आपल्या घरांतले बोलणे त्यांच्या कपाटात आपोआप जाऊन बसणार नाही. ते काम आपले आहे आणि त्याला राजाश्रयाची गरज नाही.

म्हणून व्यवस्थापक मंडळाला माझी विनंती अशी की, ज्या यंत्रावर आज माझे भाषण मुद्रित होत आहे, ते दर महिन्याला एका ज्येष्ठाच्या घरी न्यावे. त्यांना गावाचे, पडावाचे, घाण्याचे, गोदीचे विचारावे. सणाचे विचारावे, आणि कर्जाचेही विचारावे. तरुण मंडळींनी शब्दांकन करावे आणि या पत्रिकेत ते छापावे. पहिले घर कोणते हे मी ठरवून आलो आहे. आज येथे पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या आत्याबाई ब्याण्णव वर्षांच्या आहेत. आजोबांच्या हत्यारांची नावे त्यांना अजून पाठ आहेत असे त्या म्हणतात. येत्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे नवी वही घेऊन जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी माझ्याबरोबर यावे.

शालोम.